रांजणाला लावलेला कान

निजामाच्या राज्यात आबकारीचा परवाना म्हणजे उंबराचं फूल. माझ्या पणजोबांनी तो कसा मिळवला, हे ते कुणाला न सांगताच गेले. दौलताबादची द्राक्षं बैलगाडीत भरून औरंगाबादेत आणायची, घराखालच्या तळघरात रांजणांत आंबवायची आणि तयार दारू तळघराच्याच गल्लीकडच्या दारातून विकायची, असा आमचा पिढीजात धंदा. दार मुद्दाम ठेंगणं ठेवलेलं. छावणीतल्या साहेबालाही तिथं वाकावंच लागे आणि याचा घरात सगळ्यांनाच गुपचूप आनंद होता.

गंमत अशी की आमच्यात कुणी थेंबालाही शिवत नसे. त्यामुळं दारू झाली की नाही, हे चाखून नव्हे, ऐकून ठरायचं. आंबणारा रस सळसळतो. घरच्या कर्त्यानं रांजणाला कान लावायचा आणि आवाज पुरता थांबला की मगच तोंड मातीनं लिंपायचं, नाहीतर आत कोंडलेल्या वायूनं रांजण फुटायचा. बायकांनी मात्र तळघरात पाऊल टाकायचं नाही, दारू नासते म्हणे. दारूला कुणी विचारलं होतं, देव जाणे.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लिंपलेला एक रांजण फुटला. त्यांनी कुंभाराला शिव्या घातल्या. दुसरा फुटला तेव्हा उन्हाळ्याला. एकदा जेवताना मी भाकरी वाढू का विचारलं, तर म्हणाले, उद्या बघू. तेव्हा मला उमगलं, आणि मी ते कुणाला बोलले नाही. कर्त्याचा कान गेला हे गावात कळलं असतं, तर आमची दारू कुणी घेतली असती?

एका दुपारी दारात गिऱ्हाइकं खोळंबली होती. आबांनी थोरल्या रांजणाला कान लावला आणि लिंपायला भिजवलेली माती हातात घेतली. मला वर जिन्यावरसुद्धा सळसळ ऐकू येत होती. मी तडक खाली उतरले आणि त्यांचा हात धरला.

"आबा, थांबा. हे अजून बोलतंय."

ते भडकतील असं वाटलं. त्यांनी माती खाली ठेवली.

"मला काहीच ऐकू येत नाय गं," ते म्हणाले. "लई दिवस झाले. कसं बोलतंय, सांग."

मी कान लावून सांगू लागले. त्यांना कळावं म्हणून ओरडूनच सांगावं लागलं आणि बाहेरच्यांनी ते सगळं ऐकलं. दारात वाकलेली माणसं आत बघत होती. आबांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग डोळे मिटले.

"अजून जोरात सांग, पोरी," ते म्हणाले.