चित्राखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि आमच्या घरात मी गोष्टी सांगणारा माणूस आहे, हे ध्यानात घ्या. लग्नकार्यात पंगत उठली की मला मध्ये बसवतात — "काका, तो कात्रजच्या सर्पोद्यानातला किस्सा!" — आणि मी सांगतो, दरवर्षी साप हातभर लांब करून. एवढी बडबड केली आयुष्यभर. हीच एक गोष्ट तेवढी गिळून बसलो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तेही तसं भित्रेपणाचंच, नाही का?

मी एका कारखान्याच्या कचेरीत माहिती व्यवस्थापन विभागाचा प्रमुख होतो. नावावर जाऊ नका. पूर्वी त्याच खोलीला रेकॉर्ड रूम म्हणायचे, आणि तिथे बदली झाली की लोक सांत्वनाला यायचे. मग ते दिवस आले — हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उगवल्या, ज्याच्या त्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आला — आणि आमच्या धुळीलाही एकदम प्रतिष्ठा आली. जुने नकाशे, जुना पत्रव्यवहार, सगळं स्कॅन करायचं आणि प्रत्येक कागदाला नोंद जोडायची: कुणी केला, कधी केला, कुणी मंजूर केला. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, "आधी कागदाचा बाप कोण ते लिहा. बाकीचं मग सापडतं." लोक हसायचे. मला माझं हे वाक्य फार आवडायचं.

आणखी एक गोष्ट आवडायची. सकाळी संगणक सुरू केला की इंटरनेटवरच्या शोधाच्या पानावर कधीकधी नावाची अक्षरं सजवलेली असायची — ऋतू बदलला की, सणवार आला की. कधी अक्षरांवर बर्फ साचलेला, कधी पानगळ. आता पुण्यात कुठला बर्फ? पण मी चहावर साय धरेपर्यंत बघत बसायचो. ती चित्रं उतरवून घ्यायचो आणि ऋतूंप्रमाणे फोल्डर करून लावून ठेवायचो. धंद्याची सवय, दुसरं काय. काढता मात्र मला काही येत नाही. एका दिवाळीत बायकोने रांगोळीचे ठिपके द्यायला बसवलं, तर माझी रांग जिन्याकडे निघाली होती.

प्रज्ञा आमच्याकडे स्कॅनिंगला होती. कंत्राटावर. मांजरीहून दोन बस बदलून यायची. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आजारी; घर तिच्यावर. मोठा नकाशा यंत्रात घातला की तो पुरता उतरायला तीन-चार मिनिटं लागायची. बाकीचे तेवढ्यात जांभया द्यायचे. ती माउसने चित्र काढायची, संगणकाबरोबर फुकट येणाऱ्या रंगाच्या प्रोग्राममध्ये. एकदा माझ्या पडद्यावरची बर्फाळ अक्षरं बघून म्हणाली, "सर, दुसऱ्यांचे ऋतू किती दिवस बघणार? आपले काढू का?"

आठवड्याभरात तिने पळस काढला. कंपनीच्या नावाची अक्षरं म्हणजे काळ्या, पान झडलेल्या फांद्या, आणि त्यांवर केशरी चोचींचे थवे बसावेत तशी फुलं. मी बघतच राहिलो. खरंच सांगतो — ते बघणं खरं होतं. नंतरचं सगळं खोटं असलं तरी.

ते चित्र मी कंपनीच्या आतल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर चढवलं. चढवायचा अधिकार माझ्याकडेच होता, आणि आमच्या प्रणालीची रीत अशी की जो चढवील त्याचं नाव खाली आपोआप उमटायचं. म्हणजे बघा, पहिल्यांदा मी खोटं बोललोच नाही. यंत्र बोललं. मी फक्त दुरुस्त केलं नाही. किती वेळ लागला असता? मिनिटभर. दुसऱ्यांच्या नोंदींतल्या असल्या चुका मी दिवसाला ढिगानं दुरुस्त करत होतो, वर त्यांना चार शब्द ऐकवत होतो.

दुपारपर्यंत कँटीनमध्ये बभ्रा झाला. "काय हो, छुपे रुस्तम निघालात की!" मी म्हणालो, "जमतं आपलं थोडंफार." एवढंच. तीन शब्द. पण एकदा जमतं म्हटल्यावर पुढच्या महिन्यात जमत नाही कसं म्हणणार?

प्रज्ञाने नाव पाहिलं होतंच. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "कंत्राटी माणसाचं नाव पानावर घालता येत नाही गं. नियम आहे." असा नियम नव्हता. नियमांची फाइल माझ्याच कपाटात होती.

"बरं, सर," ती म्हणाली, आणि काढत राहिली. का काढत राहिली? साहेब खूश राहिले तर कायम करतील, ही एक आशा असणारच. ती मला दिसत होती. मी ती मोडली नाही, कारण ती मोडली असती तर चित्रं थांबली असती. आषाढात दारं उघडलेलं खडकवासल्याचं धरण आलं. थंडीत उसाला आलेले पांढरे तुरे आले, तिच्या मांजरी गावातले. वैशाखी पौर्णिमेला तिने पिंपळाच्या एका पानामागे चंद्र काढला. ते तेवढं मी चढवलं नाही. म्हणालो, "हे जरा... सगळ्यांचं नाही वाटत." भाद्रपदात चढवलेला गणपती मात्र मला सगळ्यांचा वाटला होता. तेव्हाही ती "बरं, सर" एवढंच म्हणाली. पण आवाज निराळा होता.

घरी मी छापील प्रती नेत होतो. बायकोने त्या फ्रिजवर लावल्या. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिला सहा ऋतूंचा प्रकल्प होता. "बाबा, इथे माझ्यासमोर काढा ना."

"घरच्या माउसला तेवढी ताकद नाही."

"अहो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "माउसला काय आता तालमीत पाठवायचं?"

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत प्रज्ञाने डबा बाजूला ठेवून माझ्या मुलीचे सहा ऋतू काढले. मुक्ताचा पहिला नंबर आला. आज ती चित्रं काढूनच पोट भरते. पाहुणे म्हणतात, "हात बापाचा आलाय." मुक्ताही तसंच सांगते — परवा तर चार लोकांत, अभिमानाने. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? दुसऱ्याचं श्रेय लाटलं, जगात चालतं. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण एवढंच नाही. आणि पुढचं लिहायचं म्हणून मी तीनदा पाणी प्यायला उठलो आहे.

स्कॅनिंग संपलं, कंत्राट संपलं, प्रज्ञा गेली. दोनेक महिन्यांनी कचेरीत मला भेटायला आली. कोथरूडमध्ये संकेतस्थळं बनवणारी एक छोटी कंपनी होती. त्यांना तिचं काम पसंत पडलं होतं. कायमची नोकरी, चित्रं काढण्याची. फक्त ती चित्रं तिचीच आहेत, असं जुन्या कचेरीचं पत्र त्यांना हवं होतं.

"सर, एक वाक्य लिहा. जास्त नको."

मी पत्र दिलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. "स्कॅनिंग व नोंदणीचे काम समाधानकारक." तिने ते उभ्या उभ्याच वाचलं.

"यात चित्रांचं नाही, सर."

"अगं, कचेरीच्या पत्रात असलं काही लिहीत नाहीत. त्यांना म्हणावं फोन करा, मी सांगतो."

"नक्की सांगाल?"

"म्हणजे काय!"

तिने माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर एका चिठ्ठीवर उतरवून घेतला. मग तोच आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला, चुकला तर नाही ना म्हणून. मी म्हणालो, बरोबर आहे.

फोन चौथ्या दिवशी आला, सकाळी, कामाच्या ऐन वेळेला. समोर आमचे दोघे नवे लोक बसले होते — ज्यांना मी कागदाच्या बापाबद्दल सांगितलं होतं ते. पलीकडचा गृहस्थ सभ्य होता. म्हणाला, "माफ करा, एक शंका आहे. या बाई म्हणतात, तुमच्या पहिल्या पानावरची चित्रं त्यांची. पण त्यांनी आणलेल्या प्रतींवर खाली तुमचं नाव दिसतंय."

समोरचे दोघे माझ्याकडे बघत होते. नसते बघत तर मी खरं बोललो असतो का? माहीत नाही. बहुतेक नाही.

"नाही हो," मी म्हणालो. "त्या स्कॅनिंगला होत्या."

"वाटलंच मला," तो हसून म्हणाला. "हल्ली लोक काहीही उचलतात आणि आपलं म्हणून दाखवतात."

"चालायचंच," मी म्हणालो. आणि मीही हसलो — त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळ.