सुमनच्या ताटातले मासे

सुमन गेल्याचं मला ऑफिसात कळलं. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात फोन साहेबांच्या केबिनबाहेर असतो, आणि बाईमाणसाला फोन आला की अख्खा सेक्शन कान टवकारतो. पलीकडून सुमनचा भाऊ बोलत होता. "मालूताई, सुमन सकाळी गेली…" एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. मी मात्र बोलले. "ऐकलं नाही ना तिने शेवटपर्यंत!" असं त्या बिचाऱ्यावरच ओरडले. बाजूच्या बायकांना वाटलं, धक्क्याने हिचं डोकं फिरलं. दुःख होतंच हो, पण राग जास्त होता. आता काही आठवडे उलटून गेले तरी तो राग गेलेला नाही. आणि जिच्याशी भांडायचं तीच नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची ओळख वाशीतली. सत्तरचं दशक सरत आलं होतं, सेक्टरांना नुसते नंबर होते आणि संध्याकाळी खाडीकडून कोल्हेकुई ऐकू यायची. माझ्या दाराला लागून तिचं दार. ती चिपळूणकडच्या एका गावातली, त्यांच्या बौद्धवाडीतली पहिली बी.एस्सी., आमच्याच कॉलनीतल्या शाळेत विज्ञान शिकवायची. एकटी राहायची. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "घरात बेडूक चालणारा नवरा आणा, उद्या करते." बेडूक खरंच असायचे. एकदा साखर मागायला गेले, डबा उघडला तर आत किडे. मी किंचाळले तर ही म्हणते, "हळू गं, कोष करतायत ते!" असल्या बाईशी माझ्यासारख्या नीटनेटकीची मैत्री कशी जमली, देव जाणे. पण जमली, आणि घट्ट जमली.

मे महिन्यात कॉलनीतली पोरं दिवसभर जिने खालीवर करून डोक्याला ताप द्यायची. त्यातून सुमनचं शिबिर सुरू झालं. सकाळी पोरांनी यायचं, दुपारी जेवायला घरी जायचं. जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, ज्याला तेव्हा खिडक्यांच्या काचाही बसल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधली पोरं होती; पुढच्या वर्षी तिने गावठाणातली पोरंही आणली. ज्यांच्या जमिनीवर आमच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्या आगरी-कोळ्यांची. कॉलनीतल्या काही आयांनी नाकं मुरडली. "त्यांच्या अंगाला वास येतो हो." सुमन म्हणाली, "मग शिबिराला फायदाच आहे, नाकाचाही अभ्यास होईल." मी पोह्यांची पातेली सांभाळायचे आणि असल्या आयांना दारातच अडवायचे. पोरं मुंग्यांच्या रांगेत गूळ ठेवून बघायची, भिंगाने वाळवी बघायची, डालड्याच्या डब्यात बी लावायची. शेवटच्या दिवशी प्रदर्शन. त्यात सुमनचा एक नियम होता, आणि तो ती कुणासाठी मोडायची नाही: मांडलेल्या प्रत्येक वस्तूखाली पोराने स्वतःच्या हाताने कार्ड लिहायचं. काय दिसलं, कुठून आणलं, कुणी दिलं. "ज्याने दिलं त्याचं नाव लिहिलं पाहिजे. तो मान आहे त्याचा," ती म्हणायची. खरंच मान होता. आमचा दूधवाला शेणकिड्याखालचं स्वतःचं नाव बघायला मुद्दाम आला होता.

गावठाणातल्या पोरांत सुगंधा होती. दहा-अकरा वर्षांची, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, आणि डोळे असे की समोरच्याला कुठे लपू असं व्हावं. तिची आई हिराबाई आमच्याच बिल्डिंगखाली टोपली घेऊन बसायची. नवरा खाडीत जाळं टाकायचा, ही विकायची. भाव करताना जिभेला हाड नाही, पण सुमनवर भारी जीव. ओहोटीच्या वेळी पोरांना चिखलात उतरवायची ती हिराबाईच. कुणाची चप्पल रुतली की स्वतः गुडघाभर जाऊन काढून द्यायची. सुगंधा खूप शिकावी, सुमनसारखी बाई व्हावी, हे तिने मला कितीदा सांगितलं असेल. "माजी पोर खुर्चीवर बसंल, माज्यावानी भुईवर नाय," म्हणायची.

तिसऱ्या वर्षीच्या शिबिरात विषय खाडीचा होता. सुगंधाने घरच्या जाळ्यातल्या बोय आणल्या. बोय म्हणजे खाडीतला साधा मासा, तेव्हा प्रत्येक घरात शिजायचा. तिने त्या चिरल्या, भिंगाखाली धरल्या, आणि प्रदर्शनात मांडून खाली गोल गोल अक्षरांत कार्ड लिहिलं: कल्ल्यांवर काळा चिकट थर आहे. पोटातून रॉकेलसारखा वास येतो. नाल्याच्या तोंडाशी पकडलेल्या माशांत जास्त. मासे कुठले, तर आमच्या खाडीतले. दिले कुणी, तर माझी आई हिराबाई. सुमनने ते वाचलं आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मला म्हणाली, "मालू, हे बघ. मी नाही हं सांगितलं तिला. हिचं हिनेच पाहिलं." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. यातून पुढे काय होईल हे तिलाच काय, मलासुद्धा सुचलं नाही. प्रदर्शनाला सगळ्या बिल्डिंगी लोटल्या. सेक्रेटरींनी भाषण ठोकलं, आता हे वरपर्यंत नेऊ, नाल्यात घाण पाणी सोडणाऱ्या कारखान्यांना जाब विचारू. टाळ्या पडल्या. आणि कॉलनीतल्या बायकांनी ते कार्ड नीट वाचलं, नाव वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हिराबाईच्या टोपलीला हात लावणं बंद केलं.

हिराबाईच्याच का? गावठाणातल्या सगळ्याच कोळणींच्या टोपल्यांत तीच खाडी होती. पण नाव तिचं होतं ना. माणसं तिच्यासमोरून पदर नाकाला लावून जायची. मग हळूहळू दुसऱ्याही टोपल्या पडून राहू लागल्या, तशा त्या बायकाही हिराबाईवर उलटल्या. तुझ्या पोरीने आमच्या पोटावर पाय दिला, म्हणून पाणवठ्यावर तिला बोलू लागल्या. सेक्रेटरींनी वरपर्यंत काही नेलं नाही. सुमन स्वतः दोन-तीन ऑफिसं फिरली, तिथे तिला चहा मिळाला आणि "बघतो" मिळालं. नाला वाहायचा तसा वाहत राहिला. बंद झाला तो फक्त या बायकांचा धंदा.

एका सकाळी हिराबाई सुमनच्या दारात आली. मी तिथेच होते. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "गो बाय, आमचा म्हावरा ईखाचा हाय?"

सुमन म्हणाली, "विषाचा नाही म्हटलं कुणी, हिराबाई. पण पाणी खराब आहे, ते माशात उतरतंय."

"तू बोल लोकांना. चार बायका गोला कर नि बोल, पोर ल्हान हाय, चुकली. तुजा सबुद मानतीन. येवरा कर माजे बाय." आणि मग ती माझ्यासमोर सुमनच्या पाया पडली. सुमनने तिला उठवलं, धरून ठेवलं. पण हो म्हणाली नाही.

त्या दिवशी आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, "अगं, एक वाक्य बोलायचंय. मासे उन्हात राहिले होते म्हण, शिळे होते म्हण. कुणाचं काय जातंय?" ती म्हणाली, "मालू, त्या पोरीने जन्मात पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी काहीतरी पाहून लिहिलं. घरच्यांच्या विरोधात जातंय हे तिला कळत नव्हतं असं समजू नकोस. आता मी चार लोकांत उभी राहून म्हणू, की हिचे डोळे खोटे? मग ती परत कधी बघेल?" मी म्हटलं, "आणि आईची चूल विझली तर ती काय बघणार आहे?" ती रडली. मीही रडले, पण माघार दोघींपैकी कुणीच घेतली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. सुगंधा आली नाही. सुमन गावठाणात गेली, हिराबाईने दार लावून घेतलं. पुन्हा गेली, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा सुगंधा स्वतःच बाहेर आली, डोक्यावर टोपली होती. म्हणाली, "बाई, तुमी येऊ नका. आई रडते." सुमन ते मला सांगायला आली. ज्या पोरीला खोटं पाडायचं नाही म्हणून एवढं केलं, तीच हातची गेली. पुढच्या मे महिन्यात कमिटीने हॉल दिला नाही. उगाच भानगडी नकोत म्हणाले.

आणि मग सुमनने जे सुरू केलं ते मला आजही गिळता येत नाही. ती दर रविवारी हिराबाईपुढे जाऊन उभी राहायची, खाडीतल्या बोय घ्यायची, घरी आणून शिजवायची आणि खायची. अशी वर्षं गेली. आधी हिराबाई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही, पैसे भुईवर ठेव म्हणायची. मी सुमनवर तुटून पडले. "तूच जगाला सांगितलंस खाऊ नका, आणि तूच खातेस? वेड लागलंय का?" ती शांतपणे काटे काढत बसली होती. म्हणाली, "खराब आहेत हे मी नाकारत नाही. पण तिचं पोट त्याच्यावर आहे आणि ते बिघडवलं मी. मग उरलेले मासे कुणी खायचे? ज्याच्यामुळे उरले त्याने." मी तिचं ताट उचलून मोरीत ओतलं होतं एकदा. तिने उठून तव्यावर दुसरी तुकडी टाकली. असली हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि असली मैत्रीण मला आता मिळायची नाही.

हिराबाई मात्र बदलली. एका रविवारी तिने न बोलता सुमनच्या पिशवीत वेगळीच मासळी टाकली, भाऊच्या धक्क्यावरून आणलेली, समुद्राची. पैसे तेवढेच घेतले. मी मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं सुटलो! तर ही बया पिशवी परत पुढे करते. "हिराबाई, लोकांना देतेस तेच मला दे." हिराबाईचे डोळे भरून आले, पण तिने मासळी बदलून दिली. बोलणं तेवढ्यापुरतं सुरू झालं. पोरीच्या शाळेचा विषय मात्र त्या दोघींनी पुन्हा काढला नाही.

पुढे सुमनला कळंबोलीला घर लागलं. तिथे खाडी नाही, तर लोखंडाच्या बाजारातल्या ट्रकांची धूळ होती. हिने तिथल्या पोरांना जमवलं, पुठ्ठ्याला खोबरेल चोपडून गॅलरीत टांगायला लावलं आणि कुणाच्या पुठ्ठ्यावर किती धूळ बसते ते बघायला शिकवलं. फक्त आता कार्डावर कुणाचं नाव लिहायला सांगायची नाही. रविवारी मात्र बस धरून वाशीला यायचीच. मग तिचं पोट दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले, अंगावरचं मांस गेलं. डॉक्टर म्हणाले लिव्हर. कशामुळे, ते त्यांनाही सांगता येईना. मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून म्हटलं, "त्या माशांनीच केलं हे." आवाज राहिला नव्हता, तरी ती मला म्हणते कशी, "पुरावा काय?" आणि हसली. त्यामुळे मासे आणि तिचा आजार यांचा संबंध मी इथे जोडत नाही. जोडला तर ती मला सोडणार नाही. पण मनात तो रोज जोडला जातो, त्याला मी काय करू?

सुमनच्या पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला हिराबाई आली नाही. मला वाईट वाटलं, चीडही आली. म्हणून गेल्या रविवारी मी मुद्दाम वाशीच्या बाजारात, ती आता बसते तिथे, गेले. तर टोपलीमागे सुगंधा. अठरा-एकोणीस वर्षांची बाई झालेली, पदर कमरेला खोचलेला. हिराबाई बाजूला गुडघे धरून बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एक पोटुशी बाई बोयचा भाव विचारत होती. सुगंधा म्हणाली, "ती खाडीची हाय ताई, तुमी नको घेऊ. ही समुद्राची घ्या, म्हाग परंल पन चांगली हाय." त्या बाईने दोन्हीकडे बघितलं, जरा विचार केला आणि पुढच्या कोळणीकडे जाऊन तिथल्या बोय घेतल्या. पुढची खाडीचं काही बोलत नव्हती ना!

हिराबाई चिडून म्हणाली, "आशी सांगत बसलीस तर खाशील काय?"

"राहील ती आपून खाऊ," सुगंधा म्हणाली.

आणि जे करू नको म्हणून मी सुमनशी वर्षानुवर्षं भांडले तेच माझ्या तोंडून निघून गेलं. "दे सुगंधा, ती बोय मला दे. सगळी दे."

तिने वाट्यावर हात ठेवला. "नाय देनार. बाईंना देत व्हतो तवा टोपली आईची व्हती, मना कोन इचारीत नव्हतं. आता टोपली माजी हाय."

मी पिशवी पुढे धरून तशीच उभी राहिले. तिने हात काढला नाही.