मुनीर डॉक्टर आणि त्यांचं श्वासाचं मशीन

मुनीर डॉक्टरांच्या पोटात चांगली बातमी राहायची नाही. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा जनावरांचा दवाखाना होता, वर मी. सकाळी तुळशीला पाणी घालत असले की खालून हाक यायची, “मावशी, बोकड मुतला!” आता ही काय भर रस्त्यात ओरडून सांगायची गोष्ट आहे? पण लघवी तुंबून मरायला टेकलेला बोकड मोकळा झाला, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्या माणसाला चैन पडायची नाही. येणारेजाणारे मान वर करून बघायचे, की ही मावशी कोण आणि हिचा बोकडाशी संबंध काय.

ते गेले त्याला अजून वर्षही झालं नाही. लोक त्यांच्याबद्दल बोलतात ते असंच हसून बोलतात. पण मला ते आठवतात ते हाका बंद झाल्यानंतरचे.

ऑपरेशनच्या वेळी जनावरावर टाकायला मधे भोक असलेली हिरवी फडकी लागतात, ती मी शिवून द्यायची. त्यामुळे दवाखान्यात कधीही जायला मला मुभा होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला काच होती. आतड्याबितड्यांची मला कधीच किळस नव्हती, मी खुशाल उभी राहून बघायची. आधी डॉक्टर भूल दिलेल्या जनावराला हातानं श्वास द्यायचे. काळी रबरी पिशवी असते, ती दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. मग कुठून तरी खटपट करून त्यांनी व्हेंटिलेटर आणला. मला कोण कौतुकानं दाखवला.

“गाडीनं उडवलं ना मावशी, की कुत्र्याचा छाती आणि पोटामधला पडदा फाटतो. आतडी छातीत शिरतात. ते शिवायला पोट उघडलं, की त्याला स्वतःचा श्वास घेताच येत नाही. तेवढा वेळ त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. मी दमतो, माझं लक्ष जातं. मशीन दमत न्हाय की.”

त्यांच्या हाताखाली वैशाली नावाची तरुण डॉक्टर होती. तिला एक गोष्ट ते इतक्या वेळा सांगायचे, की मलाही पाठ झाली. मशीन चालू असताना जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. मशीन काढून जनावर पुन्हा पिशवीवर घेतलं, की सगळ्यात आधी तो उघडायचा. नाहीतर हवा आत येत राहते आणि तिला बाहेर जायला वाट राहत नाही.

आणि विसरले ते स्वतःच.

सांगोल्याकडचा बिरू नावाचा मेंढपाळ त्याचा कुत्रा घेऊन आला होता. सरदार त्याचं नाव. मेंढरं रस्ता ओलांडताना जीपनं उडवलेला, पडदा फाटलेला. ऑपरेशन छान झालं. शेवटचा टाका पडला, वैशाली हात धुवायला गेली, डॉक्टरांनी मशीन बंद करून कुत्रा पिशवीवर घेतला. आणि त्यांचा तो स्वभाव! दार उघडून बाहेर आलेच. “बिरू, वाचला रे तुझा सरदार!” बिरू त्यांच्या पाया पडायला वाकला, डॉक्टरांनी त्याला धरून उभं केलं, पाठीवर थाप मारली. मीही हसत होते. तेवढाच वेळ. डॉक्टर आत वळले तर पिशवी भोपळ्यासारखी टम्म फुगलेली. व्हॉल्व्ह बंदच राहिला होता. कुत्र्याची फुप्फुसं फाटली होती. दोघांनी मिळून काय काय केलं, मी काचेतून बघत होते. सरदार गेला.

वैशाली रडत म्हणाली, “सर, हृदय बंद पडलं म्हणून सांगूया. एवढं मोठं ऑपरेशन होतं, कोण विचारणार आहे?”

डॉक्टर तसेच बाहेर आले आणि बिरूच्या समोर फरशीवरच बसले. “बिरू, मेला. माझ्या हातनं मेला. हवेची वाट उघडायची होती, ती न उघडता मी तुला सांगायला आलो.”

बिरू त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, “आवं, पर आत्ताच वाचला म्हनला की तुमी.”

एवढंच. शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं असं मला वाटतं. त्यानं सरदारला घोंगडीत गुंडाळलं आणि खांद्यावर घेऊन गेला.

त्यानंतर खालून कधी हाक आली नाही. आणि डॉक्टरांनी दुसरंच सुरू केलं. मशीन लावायची वेळ आली, की जनावराच्या मालकाला समोर बसवून सांगायचे, “हे मशीन मी वापरणार आहे. ह्याच्यावर माझ्या चुकीनं एक कुत्रा मेलेला आहे. मशीन चांगलं आहे, विसरलो मी. आता तुम्ही ठरवा.” अहो, असं ऐकल्यावर कोण थांबेल? लोक आपापलं जनावर उचलायचे आणि चालू लागायचे. दवाखाना ओस पडायला लागला. त्यांची बायको नसरीन डबा घेऊन यायची, ती माझ्यासमोरच त्यांना झापायची. “सच बोलने का बुखार चढ्या है इनकू, खाला! कौनसा हलवाई बोलता, मेरी मिठाई में मक्खी पड़ी थी करके?”

डॉक्टर खाली मान घालून भाकरी मोडत म्हणायचे, “माशी नव्हती ती, नसरीन.”

मला नसरीनचंही पटायचं आणि डॉक्टरांचंही. अजूनही पटतं.

मग बार्शीचे एक शिक्षक आले. त्यांचा कुत्रा मान लांब करून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. सरदारसारखंच, पडदा फाटलेला. डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं. शिक्षकांचा चेहरा पांढरा पडला. “मग मी पुण्यालाच नेतो,” म्हणाले. डॉक्टरांनी अडवलं नाही. गाडीत ठेवेपर्यंत कुत्र्याच्या नाकाला ऑक्सिजन धरला, गाडीचं दार स्वतः हळू लावलं. संध्याकाळच्या आत फोन आला. वाटेतच, टेंभुर्णीच्या पुढं, कुत्रा गेला होता. शिक्षक रागावलेही नव्हते. “तुम्ही तसं बोलला नसता तर मी तिथंच ठेवला असता हो, डॉक्टर,” एवढंच म्हणाले.

डॉक्टर माझ्या जिन्यात येऊन बसले. “मावशी, एक विसरून मारला, एक सांगून मारला. आता मी काय करू, सांगा.”

मी चहा टाकला, तो त्यांच्यासमोर गार झाला. दुसऱ्या दिवशी बघते तर मशीनवर माझंच एक हिरवं फडकं टाकलेलं. मग लसी टोचायच्या, कुत्र्यांचे कान धुवायचे, एवढंच काम राहिलं. “झालं माझं, मावशी,” म्हणायचे. जेमतेम पन्नाशीचा माणूस, आणि बोलणं हे असं.

अशातच एक दिवस मागच्या गल्लीतली नरसम्मा आली. टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणारी, एकटी बाई. तिच्या राणीला टेम्पोनं उडवलं होतं. कुत्रीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून आणलं होतं तिनं. वैशालीनं छातीचा एक्स-रे फोटो काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. पडदाच. डॉक्टर फोटोकडे बघतात, त्या झाकलेल्या मशीनकडे बघतात. मला वाटलं, आता एकतर हा माणूस गप्प बसून ऑपरेशन करेल, नाहीतर हात जोडेल.

त्यांनी खुर्ची ओढली. “ताई, दोन गोष्टी सांगतो. दोन्ही ऐका, मग ठरवा. ह्या मशीनवर माझ्या चुकीनं एक कुत्रा मेला. ही एक. आणि हिला पुण्याला नेलीत, तर माझ्या अंदाजानं वाटेत जाईल. तसाही एक गेला. त्या माणसाला मी पहिली गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली न्हाय.”

नरसम्मा म्हणाली, “आनि आता काय करनार तुमी, परत इसरू नाई म्हनून?”

“मी तिथून हलणार नाही. आणि वैशाली व्हॉल्व्हला हात लावून मोठ्यानं सांगेल.”

“मग करा की! बोलत काय बसलाव?”

वैशालीनं फडकं काढलं. मी काचेपाशी उभी राहिले, नरसम्मा माझ्या शेजारी बाकावर. आत मशीन हुस्स करायचं, राणीची छाती वर यायची. हुस्स करायचं, वर यायची. डॉक्टर टाके घालत होते. इतक्या दिवसांनीसुद्धा त्यांचा हात बघत राहावा असाच होता.

टाके संपले. “वैशाली, मशीन बंद. व्हॉल्व्ह?”

“उघडला, सर.”

“हात लावून सांग.”

“हात लावला, सर. उघडा आहे.”

आणि मग काहीच नाही. राणी श्वास घेईना. हे असं होतं, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. मशीन इतका वेळ श्वास देतं, की शरीराला स्वतः श्वास घ्यायची गरजच वाटत नाही. थांबावं लागतं. डॉक्टर मधूनच पिशवी हलकी दाबायचे आणि पुन्हा थांबायचे. त्यांचे ओठ हलत होते. “घे गं,” म्हणत असावेत.

नरसम्मानं उठून माझा पदर ओढला. “काय झालं, मावशी? वाचली का?” मी काचेवरची नजर काढली नाही. मग तिनं दारच वाजवलं. “डॉक्टर! वाचली का नाई, एवढं तरी सांगा की!”

डॉक्टरांनी वळून बघितलं नाही.

पिशवी आपोआप हलली. कुणी हात न लावता, किंचित. मग थांबली. मग पुन्हा हलली. माझ्या जिभेवर शब्द आला होता, मी तो गिळला. पिशवी चांगली भरायला, रिकामी व्हायला लागली, तरी डॉक्टर काही बोलेनात. बऱ्याच वेळानं, मान न वळवता म्हणाले, “मावशी, ताईंना आत पाठवा.”

नरसम्मा चप्पल बाहेर काढून आत गेली. तिच्या मागून मी. “वाचली?” तिनं विचारलं.

“मी न्हाय सांगणार, ताई. हात ठेवा, तुम्हीच बघा.”

सुताच्या कामानं खरखरीत झालेला हात तिनं राणीच्या बरगड्यांवर ठेवला. तो जरासा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. नरसम्माचं तोंड रडायला लागलं, पण हात तिनं उचलला नाही. डॉक्टरांनी काही ते बघितलं नाही. त्यांची नजर पिशवीवर होती आणि बोटं व्हॉल्व्हवर.