डोक्याशी कोण, पायाशी कोण

वृंदा नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. चाळिशी जवळ आली तरी लग्न जमलं नव्हतं, आणि जमलं ते थेट आयर्लंडमधल्या डॉक्टरशी. दिलीप डब्लिनजवळच्या नावन गावात भूलतज्ज्ञ होता. त्याची पहिली बायको विद्या कॅन्सरने गेली होती. मुलगी रेवा दहा वर्षांची होती. २००५ च्या हिवाळ्यात वृंदा त्या घरात आली, तेव्हा दिलीपने विद्याचे फोटो भिंतींवरून उतरवून ठेवले होते. चांगुलपणानेच. खिळे मात्र तसेच होते.

सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. विद्याशी कसं भांडणार? पडदे तिने निवडलेले, मागच्या अंगणातला गुलाब तिने लावलेला. डब्लिनच्या गणपतीत निशिगंधा नावाच्या एका बाईंनी वृंदाचा मोदक खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालाय हं. विद्याची पारी मात्र अगदी कागदासारखी असायची." वृंदा हसली, आणि परतताना गाडीत दिलीपशी एक अक्षर बोलली नाही. रेवा विद्याला आई म्हणायची आणि हिला नुसतं वृंदा. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तरं इंग्लिशमधून यायची, तीही तिथल्या मीथ परगण्याच्या पक्क्या हेलात.

गणपतीनंतरच्या शरद ऋतूत शाळेने रेवाच्या वर्गाला प्राचीन संस्कृतींवर प्रकल्प दिला. रेवाने पेरू देशातल्या मोचे या प्राचीन संस्कृतीतल्या एका राजाचं दफन निवडलं. वृंदाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. विद्या बँकेत होती. तिला इतिहासातलं काही येत नव्हतं. निदान हे तरी आपलं!

दोघींनी बुटांच्या खोक्यात थडगं मांडायला घेतलं. त्या राजाच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती, उजवीकडे सोन्याच्या शेंगा, डावीकडे चांदीच्या. वृंदाने डब्लिनहून खऱ्या शेंगा आणल्या आणि दोघी रंगवत बसल्या.

"पण असं का पुरायचं?" रेवाने विचारलं.

"त्यांच्या लेखी राजा मेला म्हणजे संपला नाही. तिकडेही राज्य करायचंय त्याला. म्हणून दागिने, कुत्रा, पहारेकरी, सगळं बरोबर. वर एक पहारेकरी बसवलाय ना, त्याचे पाय कापलेत. बहुधा जागा सोडून जाऊ नये म्हणून."

हे सांगतानाच वृंदाला वाटलं, हा तर मीच. दुसरीचं घर राखत बसलेली.

रेवा पुस्तकात डोकं घालून वाचत होती. "आणि या बायका? यांना मारलं का?"

"बघू." वृंदाने पुस्तक ओढून घेतलं. राजाच्या डोक्याशी आणि पायांशी तरुण बायका होत्या. त्यांची हाडं विस्कटलेली होती. अभ्यासकांचा अंदाज असा, की त्या राजाच्या खूप आधी वारल्या असाव्यात. कुठेतरी जपून ठेवलेली त्यांची हाडं राजा गेल्यावर त्याच्याजवळ आणून ठेवली.

"म्हणजे आईसारखंच," रेवा शेंगेवर ब्रश फिरवत म्हणाली.

"आईसारखं म्हणजे?"

"आई नाही का हॉट प्रेसमध्ये? वरच्या फळीवर, ब्लँकेटांच्या मागे."

हॉट प्रेस म्हणजे जिन्याजवळचं ते उबदार कपाट, आत गरम पाण्याची टाकी असते ते. वृंदा रोज तिथे टॉवेल वाळत घालायची. ती उठून वर गेली. ब्लँकेटांमागे पांढऱ्या फडक्यात बांधलेली तपकिरी बरणी होती. हात लावला तर कोमट लागली. तेवढ्यानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या घरात उबेची जागा एकच, आणि तीही विद्याचीच!

संध्याकाळी दिलीप आल्या आल्या तिने विचारलं.

"अर्ध्या अस्थी नाशिकला सोडल्या," तो म्हणाला. "रेवा विचारत होती, आता आई कुठे भेटणार. मग उरलेल्या परत आणल्या."

"रेवासाठी, की तुमच्यासाठी?"

"दोघांसाठी."

"आणि मी गेले की मला कुठे ठेवाल? खालच्या फळीवर?"

"वृंदा, तुला आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

चुकलं म्हणून मोकळा झाला, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी रेवा शाळेत गेल्यावर वृंदाने बरणी पिशवीत घातली आणि बॉइन नदीवर गेली. पाऊस येऊन गेला होता, पाणी गढूळ होतं. तिने फडक्याची गाठ सोडली. झाकणाला हात घातला, आणि मनात आलं, आता रेवा घरी येऊन विचारेल. सांगून टाकलं, तरी त्या पोरीच्या तोंडाकडे बघायचं कसं? ती बराच वेळ काठावर उभी राहिली. मग गाठ बांधून परतली.

घरी पोचायला उशीर झाला. रेवा दप्तर न काढता जिन्यात उभी होती. कपाटाचं दार सताड उघडं, ब्लँकेटं खाली पडलेली.

"आई कुठेय?" या वेळी मराठीत.

वृंदाने पिशवी तिच्या हातात दिली. "नदीत सोडायला नेली होती. नाही सोडली."

"का नेलीस?"

"मला तिचा हेवा वाटतो. खूप."

"ती मेलीये, वृंदा!"

"म्हणूनच गं. तिचं आता काही चुकत नाही. माझं रोज चुकतं."

रेवा बरणी पोटाशी धरून पायरीवर बसली. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, "तू बाबाला हसवतेस ना, तेव्हा मला तुझा राग येतो. आईला वाईट वाटत असेल, असं वाटतं."

वृंदा तिच्या शेजारी बसली.

त्या संध्याकाळी वृंदाने दिलीपला बजावलं, "ती इथे राहणार असेल तर कपाटात लपून नाही. खाली बैठकीत, तिच्या फोटोशेजारी. माझ्या डोळ्यांसमोर." दिलीप फोटो आणायला गेला.

शाळेच्या प्रदर्शनात पालकांनी त्या खोक्याभोवती गर्दी केली. रेवाने एका बाईंना समजावलं, "एक डोक्याशी, एक पायाशी. म्हणजे त्याला एकटं वाटायला नको."

गाडीत वृंदाने विचारलं, "आपल्या घरात डोक्याशी कोण?"

"आई, अर्थात."

"मग मी पायाशी का?"

"बदलून हवंय?" रेवा खिदळली. वृंदाही हसली, पण ते तिला लागलंच.

२००७ च्या उन्हाळ्यात तिघं सुट्टीला भारतात गेले, तेव्हा बरणी न्यायचं रेवानेच काढलं. नाशिकला बापलेक गुडघाभर पाण्यात उतरले. अस्थी सोडल्यावर रेवा दिलीपला बिलगून रडली. वृंदा चपला सांभाळत काठावर उभी होती. तेव्हाही तिच्या मनात आलं: मी गेल्यावर हे दोघं असे रडतील का? मग तिने चपला तिथेच ठेवल्या, साडी जरा वर खोचली, आणि पायऱ्या उतरून त्या दोघांपाशी पाण्यात जाऊन उभी राहिली.