सभागृह साताऱ्याला असताना

चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटे उभी करून तो विचारी, “हे आधी दिसलं नव्हतं का? आणि थांबता येत नाही का?”

चंडीगडच्या सचिवालयात त्याचे टेबल या दोन प्रश्नांसाठीच होते. विधानसभा बसलेली नसताना अकल्पित खर्च उपटला, तर सरकार आकस्मिकता निधीतून उचल घेते आणि पुढच्या अधिवेशनात सभागृहाची मंजुरी मागते. ती उचल त्याच्या शेऱ्यावाचून हलत नसे. आम्ही दोघेही केंद्राच्या लेखा खात्यातून तिथे गेलेलो. मी शेजारच्या टेबलावर होतो, हे आमच्या मराठी मंडळातील जाणत्यांनी ध्यानात ठेवूनच पुढे वाचावे.

एका साहेबांनी बंगल्याच्या पडद्यांसाठी प्रस्ताव पाठवला. हा म्हणाला, “पडदे एक ही रात में फटे, जी?” प्रस्ताव परत गेला.

मंडळात सांगतात, फुटलेल्या बंधाऱ्याची फाइलही त्याने दोन दिवस अडवली. साफ खोटे. सकाळी अकराला आली, बाराच्या आत शेरा पडला आणि सहीसाठी ती त्यानेच स्कूटरवरून नेली. मागे फाइल छातीशी धरून मी बसलो होतो.

घरी सभागृह म्हणजे वहिनी. त्या साताऱ्याला माहेरी असताना कुकर बिघडला. याने मनीमाजऱ्याच्या बाजारातून नवा आणला आणि त्या परतताच रीतसर पुढे ठेवला. वहिनींनी जुना उघडून पाहिला. “रिंग बदलायची होती,” म्हणाल्या. नवा कुकर दुकानात परत गेला. हा मात्र आठवडाभर अभिमानाने सांगत होता की सभागृह सर्वोच्च असते.

गेल्या वर्षी वहिनी पुन्हा साताऱ्याला असताना त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच. मंडळाचे म्हणणे, प्रश्न विचारण्यातच त्याने वेळ दवडला. मंडळ तिथे नव्हते; खाटेपाशी मी होतो. त्याने दोन बोटे उभी केली. डॉक्टर दोनदा “नहीं, अंकलजी” म्हणाले आणि त्याने सही केली. मिनिटही लागले नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ती आली की तिच्यापुढे ठेव. कुकरचं लक्षात आहे ना?”

तो त्यातून उठला नाही.

तेराव्यानंतर मी सारे क्रमाने वहिनींपुढे ठेवले.

“आधी दिसलं नव्हतं?”

“नाही.”

“थांबता येत नव्हतं?”

“नाही, वहिनी.”

त्यांनी त्याचा चष्मा पदराने पुसला, घडी घालून डबीत ठेवला. “मग बरोबर केलं त्यांनी.”

कुकरला न मिळालेली ही मंजुरी. मंडळाने ती इतिवृत्तात नोंदवावी.