महिन्याच्या लेन्सची पूजा

झरी गावात माझ्या भक्तीचा जो बोलबाला झाला, त्याचं सगळं श्रेय महिन्याची मुदत असलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सना जातं.

लग्न ठरताना मला चष्मा आहे ही गोष्ट आईनं सफाईनं गिळून टाकली. परभणीत मऊ लेन्स घेऊन दिल्या आणि बजावलं, "सासरी कळलं तर माझं तोंड काळं होईल, ध्यानात ठेव." नवऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आईला तूच सांग, मी न्हाई सांगत." वाघच!

आमचं घर लिंगायतांचं. सकाळी आंघोळ झाली की भिंतीकडं तोंड करून बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालून टक लावून पूजा करायची. ही पूजा मी चटकन उरकायची. पुढचा वेळ लेन्सचा. तीही डाव्याच तळहातावर, तिच्यावरही बाटलीतले थेंब, मान तशीच खाली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दारातून माझी पाठ पाहिली आणि समजायचं ते समजून घेतलं. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "सून लय देवाची हाय बगा. बसली की उठतच न्हाई." मी कशाला खोडून काढू?

नवी लेन्स काय गोड असते! पाण्यानं टच्च भरलेली, बोटावर लवलवणारी. डोळ्यात गेली की आहे का नाही तेही कळत नाही. पण डोळ्यातल्या पाण्याबरोबर रोज तिच्यावर काहीबाही बसत जातं, आणि चोळलं तरी सगळं निघत नाही. हळूहळू ती पाणी धरेनाशी होते, ताठर होते. उन्हाळ्यात कूलरसमोर बसलं तर विचारूच नका. डोळ्यातल्या डोळ्यात सुकते आणि बाजेवरच्या पापडासारख्या कडा वळवते. महिना झाला की फेकायची वस्तू ती. पण नवी आणायला परभणीला एकटीनं जायचं कसं? मी नाव काढलं की आत्याबाई पिशवी घेऊन माझ्याआधी रिक्षात. मग ताणली तिसऱ्या महिन्यापर्यंत. जुनी होईल तशी ती जास्त भिजवावी लागे, जास्त चोळावी लागे. पूजा लांबत गेली आणि गल्लीत माझं नाव होत गेलं.

एका सोमवारी आत्याबाई चारपाच बायकांना घेऊनच आल्या. "बोलू नका, नुसतं बगा." मी घाबरले, बोटाचा जोर जास्त पडला आणि ताठलेली कड टचकन फाटली. जादाची लेन्स नव्हती, तशीच घातली. अगं आई गं! कुसळ गेल्यासारखा डोळा पेटला आणि धारा लागल्या.

"बगा, बगा, रडायलीय!" एक बाई गहिवरून म्हणाली. दुसरीनं तर चक्क माझ्या पायाला हात लावला.

बायका गेल्या तशी मी लेन्स उपटून काढली. डोळा लालभडक. आता लपवणार काय, कपाळ! आईची अब्रू माझ्याच हातानं जाणार, म्हणून आता मी खरोखरच रडायला लागले. "आत्याबाई, ही पूजा न्हवती. मला चष्मा हाय. लग्नाच्या आधीपासून."

त्यांनी ती फाटकी लेन्स बोटावर घेऊन उजेडात धरली. "आन् ते बाटलीतलं तीर्थ?"

"लेन्सचं औषध."

"आत्ता गं बया!" त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं, झालं, आता माहेरी फोन. पण त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी साऱ्या गल्लीला सांगून बसले की गं! माझ्या इज्जतीचं काय आता? चष्मा कुठाय?"

"बॅगेत."

"घाल."

मी घातला. त्यांनी जरा वेळ माझ्याकडं निरखून पाहिलं, पदर सारखा केला, दारात गेल्या आणि शेजारणीला मोठ्यानं हाक मारली.

"ऐकलंस का गं? देवाकडं टक लावून लावून माझ्या सुनंला चष्मा लागला!"