कोतवालाची उजवी बाजू

साबण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत त्याचा उभा जन्म गेला. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं धुवायचं, उकळायचं, पुन्हा धुवायचं. न धुतलेली वस्तू तिथून दाराबाहेर जात नसे, आणि निवृत्त झाला तरी ती सवय काही सुटली नाही. दुकानातून आणलेली साबणाची वडीसुद्धा हा बाबा आधी धुऊन घ्यायचा! लोक हसायचे. "घाण दिसत नाही म्हणून नसते थोडीच," एवढंच तो म्हणायचा, आणि पुन्हा नळ सोडायचा.

अशा माणसाच्या हाती ताईने आपला मासा सोपवला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लोकांचे कपडे शिवून तिने संसार केला. तिच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीला शिलाई मशीन आणि दुसऱ्या भिंतीला खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी. टाकीत एकच मोठा मासा, समुद्रातला एंजलफिश, निळ्या अंगावर पिवळे पट्टे. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा आणि आल्यागेल्याला नीट पारखून घ्यायचा, म्हणून ताईने त्याचं नाव कोतवाल ठेवलेलं.

ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेही तिच्या मुलाच्या शहरात. साबण्या बॅग भरून दारात हजर.

"मी येतो. तुझ्या उशाशी बसतो."

"उशाशी बसून काय माझ्या चादरी धुणारेस?" ताई म्हणाली. "तू आलास तर कोतवालाला कोण बघेल? तू त्याला सांभाळ. त्याला सांभाळलंस म्हणजे मलाच सांभाळल्यासारखं आहे."

बोलण्याच्या ओघात म्हणाली बिचारी, भावाची समजूत काढायला. पण साबण्याने ते वाक्य असं काही मनाला लावून घेतलं की विचारू नका. मासा धड तर ताई धड. आणि माशाला काही झालं तर... त्यापुढचं तो मनातसुद्धा म्हणायचा नाही.

जाण्याआधी ताईने त्याला सगळं शिकवलं. फ्रीजरमधून गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा काढायचा. टाकीतल्याच थोड्या पाण्यात वितळू द्यायचा. ते पाणी गाळणीतून गाळून टाकायचं. मग कोळंबी वाटीत घेऊन तिच्यावर छोट्या बाटलीतले जीवनसत्त्वांचे थेंब घालायचे, वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवायची, थेंब आत मुरू द्यायचे. मग खायला.

"गोठवलेल्यात सत्त्व फारसं राहत नाही रे," ताई म्हणाली. "नुसतं पोट भरतं. थेंबांशिवाय घास घालायचा नाही."

"अगं हो, कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ताई गेली. साबण्या तिच्याच घरी राहायला आला आणि डोळ्यांत तेल घालून कोतवालाला जपू लागला. टाकीची काच अशी लख्ख ठेवायचा की शेजारीण म्हणाली, आत पाणी आहे की नाही तेच कळत नाही. ऑपरेशन नीट पार पडल्याचा भाच्याचा फोन आला, तेव्हा साबण्याने आधी कोतवालाला जाऊन सांगितलं. मग खुर्चीत बसून रडून घेतलं.

आणि एका सकाळी त्याला काचेवर डाग दिसला. त्याने फडक्याने पुसला. डाग माशाबरोबर पुढे सरकला.

कोतवालाच्या डाव्या डोळ्यामागे बारीकसा फिकट खड्डा पडला होता, कातडी कुणी नखाने कोरावी तसा. काही दिवसांत एकाचे तीन झाले. डोळ्यापासून मागे अंगावर पांढुरकी रेघ उमटली. पट्ट्यांचा पिवळा रंग उतरला. उजवी बाजू तेवढी अजून बरी होती. त्याने थेंब वाढवले, दुप्पट केले. पाणी बदललं. काही म्हणजे काही फरक नाही. रोज सकाळी टाकीवरचं फडकं काढलं की तो आधी खड्डे मोजायचा.

त्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला की याची तारांबळ! भाचा फोन धरायचा, ताई विचारायची, "दाखव बघू कोतवालाला." साबण्या फोन घेऊन टाकीसमोर उभा. मासा उजवी बाजू दाखवत जात असला की कॅमेरा त्याच्यावर, आणि तो वळायला लागला रे लागला की साबण्याला नेमका खोकला यायचा, नाहीतर फोन हातातून निसटायचा.

"मजेत आहे ना?"

"मजेत म्हणजे! लठ्ठ झालाय मेला."

फोन ठेवला की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. सख्ख्या बहिणीशी खोटं बोलतोयस, लाज नाही वाटत? वाटत होती. पण नुकतीच छाती उघडून शिवलेल्या बाईला सांगायचं तरी काय?

मध्ये काही दिवस फोन आलाच नाही. त्याच दिवसांत कोतवालाने खाणं सोडलं. कोपऱ्यातल्या दगडामागे तोंड करून उभा राहायचा, गस्त बंद. इकडे हा असा, तिकडून फोन नाही, आणि डोक्यात एकच: त्याला सांभाळलंस म्हणजे मलाच. तो सारखा भाच्याला फोन लावायचा, पलीकडे कुणी उचलायचं नाही.

अखेर भाच्याचा फोन आला. "काळजी करू नकोस मामा. आईचा घसा बसलाय, ऑपरेशनला घशात नळी होती ना. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय."

त्यानंतर ताई फोनवर नुसतं 'हं' म्हणायची. भाचाही फोन कसा धरायचा कोण जाणे, तिचा एक गाल आणि बाकी सगळी उशी. साबण्या त्याच्यावर करवादायचा. पण खरं सांगायचं तर त्याला हायसंच वाटत होतं. ताई प्रश्न विचारत नव्हती. आजारी बहीण गप्प आहे म्हणून बरं वाटणारा हा भाऊ!

शेवटी त्याच्याने राहवेना. जिथून हा मासा आणला होता त्या दुकानदाराला त्याने गाठलं आणि दुकानातच हात जोडले. "वाचवा हो त्याला."

"जीवनसत्त्वं कमी पडलेली दिसतात," दुकानदार म्हणाला. "थेंब घालता ना?"

"घालता ना म्हणजे? दुप्पट घालतो!"

दुकानदार बुचकळ्यात पडला. दुकान बायकोवर सोपवून तो सोबत आला. त्याने टाकीचं पाणी तपासलं, माशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसता बघतो."

साबण्याने कोळंबी वितळवली, गाळली, वाटीत घेतली, थेंब घातले, वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. दुकानदार मान हलवत होता, सगळं बरोबर. दोघांनी चहा घेतला. मग साबण्याने वाटी काढली, कोळंबी गाळणीत ओतली आणि पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचा नळ सोडला.

"अहो काका! हे काय करताय?"

"धुतोय."

"का?"

"का म्हणजे? बघा की कशी पिवळी चिकट झालीये. वास येतोय. हे असलं कुणाच्या तोंडात घालायचं?"

दुकानदार मटकन खुर्चीत बसला. "रोज धुता?"

"दोनदा," साबण्या जरा तोऱ्यातच म्हणाला.

"मग काका, इतके दिवस तुम्ही कोतवालाला नाही, मोरीला जीवनसत्त्वं घातलीत."

ते कळायला साबण्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने गाळणी ओट्यावर ठेवून दिली. नळ तसाच वाहत राहिला, तो दुकानदाराने उठून बंद केला. मुरवल्यावर धुऊ नकोस, असं ताईने सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कुणाला वाटणार? जन्मभर ज्या हातांनी लोकांच्या आजाराची घाण धुतली, त्याच हातांनी त्याने माशाचं औषध धुऊन टाकलं होतं.

"भरतील खड्डे," दुकानदार म्हणाला. "वेळ लागेल. खूण राहीलही थोडी. पण आजपासून न धुता."

न धुता वाटी टाकीपर्यंत नेणं साबण्याला किती जड गेलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नाक वर करून, बोटं आखडून त्याने तो चिकट घास पाण्यात सोडला. पहिल्यांदा कोतवालाने बघितलंसुद्धा नाही. मग एक दिवस दगडामागून पुढे आला आणि एक कोळंबी गट्ट! साबण्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "आईला घेऊन येतोय मामा."

आनंद झाला, आणि लगेच धाबं दणाणलं. मासा खायला लागला होता, पण डावी बाजू तशीच होती, खड्ड्यांची. आता कॅमेरा वळवायची सोय नव्हती. ताईला आल्या आल्या काय सांगायचं ते तो आरशासमोर घोकत बसला.

टॅक्सी थांबली. भाच्याने ताईला धरून उतरवलं, सावकाश पायऱ्या चढवल्या. साबण्या दार अडवूनच उभा होता. पाठ केलेलं बोलायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

ताईचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. तोंडाचा एक कोपरा उतरलेला, तो डोळा अर्धवट मिटलेला. त्या बाजूचा हात नुसता लोंबत होता.

"ताई... हे कधी झालं?"

भाच्याने मान खाली घातली. "ऑपरेशननंतर अर्धांगवायूचा झटका आला, मामा. मी फोन उचलत नव्हतो ना, तेव्हा. आईनेच शपथ घातली होती. तुला एकच बाजू दाखवायची म्हणाली."

ताई भाच्याच्या आधाराने टाकीपाशी गेली. कोतवाल या टोकापासून त्या टोकापर्यंत आला, वळला, आणि त्याची डावी बाजू काचेवर आली. ताईने बघितलं. मग वळून भावाकडे बघितलं.

"तू... घाबरशील... म्हणून," ती म्हणाली. शब्द जड निघत होते.

"आणि मी, तू घाबरशील म्हणून." साबण्याला हुंदका फुटला. मग त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं, खोकला, निसटणारा फोन, गाळणी, नळ, मोरी. "तू फोनवर बोलत नव्हतीस तर मला बरं वाटायचं गं, ताई. असा मी."

ताईच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. साबण्या घाबरला. पण ती हसत होती, अर्ध्या तोंडाने. भाच्याने चहा आणला. तिने घोट घेतला, आणि उतरलेल्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर ओघळला. साबण्या झटकन फडकं घेऊन पुढे झाला आणि मध्येच थबकला. तिला वाईट वाटलं तर?

"पूस की," ताई म्हणाली. "पण... धुऊ नकोस मला."

त्याने हलकेच पुसलं.